साडूचा वाकडा दात

दंतोपंत हे नाव त्यांना रविवारच्या मंडळींनी ठेवलेलं. खरं नाव वेगळं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे त्यांच्याकडे यायचे, आणि त्यावरून ते कवळ्या, दातांच्या टोप्या आणि पूल तयार करून परत पाठवायचे. दिवसभर दिव्याखाली मान घालून मेणाचा दात कोरायचा, चिनीमातीचा भाजायचा, आणि ज्याच्या तोंडात तो जाणार त्याचा चेहराही कधी बघायचा नाही, असा तो धंदा. लोक त्यांना डॉक्टर समजत आणि डॉक्टर नाहीत हे कळलं की जरा खट्टू होत. दंतोपंतांना त्याचं काही वाटत नसे. कारण त्यांच्या मते ते मुळात दातवाले नव्हतेच. ते ट्रंपेटवाले होते.

दर रविवारी दुपारी रंगाच्या दुकानामागच्या गोदामात जॅझ वाजवणारी चार माणसं जमायची. गोदाम दुकानमालकाचं, ड्रमही त्याचेच. त्याला सगळे रंगवाले म्हणत. भिंतींना छतापर्यंत रंगाचे डबे, टर्पेंटाइनचा वास, आणि मधल्या मोकळ्या जागेत एक उभा पियानो. तो बाईंचा. बाई शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या; लहान घरात राहायला गेल्या तेव्हा पियानो मावेना, म्हणून इथे आणून ठेवलेला. त्याच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या आणि बाई त्या इतक्या सफाईनं टाळायच्या की नवख्याला ते कळतही नसे. चौथी नर्स. ती ड्यूटीवरून तशीच यायची, पायांत दवाखान्याचे पांढरे बूट, आणि स्वतःपेक्षा उंच असा डबल बास कुशीत घेऊन तारा छेडत उभी राहायची.

वाजवायचे ते स्टँडर्ड. म्हणजे जॅझमधली जुनी, जगभर सगळ्या वाजवणाऱ्यांना पाठ असलेली गाणी. आधी सगळ्यांनी मिळून मुखडा वाजवायचा. मग त्याच सुरावटीवर एकेकानं आपल्या मनचं काहीतरी वाजवायचं आणि बाकीच्यांनी त्याला सांभाळून घ्यायचं. शेवटी पुन्हा सगळ्यांनी मुखड्यावर घरी परत यायचं. गाण्यांची खरी नावं कुणी घेत नसे. एका गाण्याचे सूर पायरी-पायरीनं खाली उतरत, म्हणून तो ‘जिना’. दुसरं एक संथ आणि इतकं जड होतं की रंगवाल्यांनी त्याला ‘ओला टॉवेल’ म्हटलं, आणि तेच नाव राहिलं. कुणीही फार चांगलं वाजवत नव्हतं. चुकलं तर हसायचं नाही, एवढा एकच नियम होता.

या चौघांत फुंकायचं वाद्य एकट्या दंतोपंतांचं. त्यामुळे मुखडा त्यांचा. बाकीचे घर बांधत, दंतोपंत त्याच्या दारात उभे राहत. आठवडाभर लोकांच्या दाढा घासताना त्यांच्या मनात हेच असायचं: रविवारी आपण पुढे उभे राहणार आणि मुखडा आपला असणार.

मग त्यांचा साडू बदली होऊन त्याच गावात आला.

साडू म्हणजे त्यांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. इमारतींच्या लिफ्ट तपासून दाखले देणं ही त्याची नोकरी. उंचापुरा, सैल अंगाचा, कुठेही बसला की मुळातच तिथे बसलेला वाटावा असा माणूस.

“त्यांनाही न्या की रविवारी,” बायको म्हणाली. “नवीन गाव, कुणाची ओळख नाही. दिवसभर घरात बसून ते तरी काय करणार?”

“तिथे येऊन काय करणार पण? आमच्यात लिफ्ट नाही.”

“कॉलेजात असताना वाजवायचे म्हणे काहीतरी. तुमच्यासारखंच पितळेचं.”

‘तुमच्यासारखंच पितळेचं’ ऐकून दंतोपंतांना गंमत वाटली. नंतर कितीतरी दिवस ते स्वतःला विचारत राहिले, की गंमत कसली वाटली होती आपल्याला? आपण होऊन पायावर धोंडा पाडून घेणारा माणूस, धोंडा उचलताना हसतच असतो का?

साडूनं ट्रंपेट टॉवेलात गुंडाळून आणला होता. पेटी नाही, काही नाही. भांड्याला पोचा यावा तसा कडेला पोचा. “मी मागे बसून ऐकतो,” तो म्हणाला, आणि एका रंगाच्या डब्यावर बसला. दोन-तीन गाणी झाल्यावर बाईंनी पियानोवरून मान वळवून विचारलं, “तुम्हाला आमच्यापैकी कुठलं येतं?”

“तो ओला टॉवेल मला वाटतं येईल,” साडू म्हणाला. “बरीच वर्षं झाली. चुकलं तर सांभाळून घ्या.”

तो उभाही राहिला नाही. बसल्याबसल्या त्यानं ट्रंपेट ओठाला लावला आणि पहिला सूर सोडला. दंतोपंत सूर काढायचे, आणि ह्यानं तो सोडला, एवढाच फरक होता. मोठ्यानं नाही. शेजारच्या खोलीत कुणीतरी हलक्या आवाजात बोलतंय आणि बोलणं आपल्याबद्दल आहे, असं वाटावं तसा तो आवाज होता. मुखड्याच्या दुसऱ्या ओळीला तो मुद्दाम थोडा उशिरा आला, आणि त्या मोकळ्या क्षणात नर्सचा बास असा काही ऐकू आला की तिनं स्वतःच दचकून आपल्या बोटांकडे पाहिलं. रंगवाल्यांनी काड्या खाली ठेवून ड्रमवर हलकेच फिरवायचे तारांचे ब्रश हातात घेतले. ते ब्रश त्यांच्याकडे होते हेच कुणाला माहीत नव्हतं.

गाणं संपलं. सगळ्यांत आधी टाळ्या दंतोपंतांनी वाजवल्या. ज्याच्या अंगाला आग लागते तोच सगळ्यांत आधी उठून उभा राहतो.

पुढच्या महिन्याभरात त्याला सगळेच साडू म्हणू लागले. नर्ससुद्धा. बाईसुद्धा. नातं दंतोपंतांचं, आणि वापरायला सगळ्या गोदामाला. ‘ओला टॉवेल’चा मुखडा साडूकडे गेला, ते ठीक होतं. मग ‘जिना’ही गेला. “तुम्ही खालचा सूर धरा ना,” बाई दंतोपंतांना म्हणाल्या, “दोघांचं छान जुळेल.” खरंच छान जुळायचं. तीच तर आग होती. दंतोपंत खालचा सूर धरून उभे राहायचे आणि त्यांच्या कानाशेजारून तो दुसरा आवाज, कुणाला धक्का न लावता, पुढे निघून जायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर हा नागोबा बिळाच्या मालकाला “या, बसा” म्हणणारा.

साडूचं काही म्हणजे काही दंतोपंतांना बघवेना. तो रियाज करत नसे. उशिरा यायचा, ओले केस तसेच. वाजवायच्या आधी पोटभर जेवायचा, जे करू नये म्हणून दंतोपंत वर्षानुवर्षं रविवारी अर्धपोटी राहत आले होते. आणि वर कौतुक करायचा! “साडूभाऊ, तुमचा आवाज काय स्वच्छ आहे हो.” स्वच्छ! दंतोपंत रात्रभर त्या शब्दावर कूस बदलत राहिले. धुतलेली बशी स्वच्छ असते. दवाखान्याची फरशी स्वच्छ असते.

ते कामानंतर आपल्या दातांच्या लॅबमध्येच थांबून वाजवू लागले. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ट्रंपेटचं तोंड कोटांच्या कपाटात घालून. घरी आले की ओठावर माऊथपीसचं, फुंकायच्या तोंडाचं, लाल वर्तुळ.

“तुम्हाला त्यांचा त्रास होतोय का?” एकदा जेवताना बायकोनं विचारलं.

“मला? कुणाचा?”

“मग चमच्यानं टेबल का ठोकताय?”

दंतोपंतांनी चमचा खाली ठेवला. “ताल होता तो.”

“हो का,” बायको म्हणाली. “मला वाटलं खिळा होता.”

त्याच सुमारास एक छोटंसं काम घरातूनच आलं. साडू झोपेत करकरा दात खायचा. मेहुणीची झोप मोडायची. दंतोपंतांनी त्याच्या दातांचा ठसा घेऊन रात्री घालायचं प्लॅस्टिकचं कव्हर करून दिलं. ठशावरून ओतलेला पांढरा साचा मात्र त्यांच्याकडे राहिला, आणि कव्हर देऊन झाल्यावर एके दुपारी त्यांनी तो दिव्याखाली धरला. वरच्या पुढच्या दोन दातांतला डावा दात जरासा वळलेला होता. दार किंचित उघडं राहावं तसा. शेजारच्यावर त्याची कड चढलेली, आणि दोघांच्या मधे एक उथळ खळगा. दंतोपंतांनी ट्रंपेटचं माऊथपीस उचललं आणि साच्याला लावून पाहिलं. ते त्या खळग्यात असं बसलं, की जणू तिथेच घडवलं होतं.

म्हणजे हे होतं तर! जीव नाही, कान नाही, प्रतिभा नाही. दात! ह्या माणसाला देवानंच तोंडात खाच पाडून पाठवला होता, आणि आपण मूर्खासारखे कपाटात तोंड घालून फुंकतोय. दंतोपंतांनी स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवली. सरळ, एका रांगेत, शाळेतल्या पोरांसारखे. त्यांनी थोडं मेण मऊ केलं, आपल्या डाव्या दाताला चिकटवलं, वाट पाहिली, आणि ट्रंपेट फुंकला. जो आवाज निघाला तो ऐकून वरच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. मेण काढून त्यांनी ते नीट डबीत ठेवलं आणि साचा फडताळात, इतर साच्यांच्या मागे सरकवला.

पुढे काही महिन्यांनी साडू आपल्या मुलीला सायकल शिकवत होता. सीट धरून मागे धावता धावता तो पुढे गेला, हँडल सरळ करायला वाकला, आणि मुलीनं घाबरून ब्रेक दाबून हँडल वर उचललं, ते थेट त्याच्या तोंडावर. तो वळलेला दात रस्त्यावर पडला. शेजारचा अर्धा तुटला.

मेहुणीचा फोन आला तेव्हा दंतोपंत कामावरच होते. “भाऊजी, ह्यांचे पुढचे दात गेले,” ती रडत म्हणाली. आणि दंतोपंतांच्या छातीत, काळजीच्याही आधी, काहीतरी गार आणि गोड सरकून गेलं. क्षणभरच. पण ते गेलं, आणि गेलेलं त्यांना कळलं. मग ते धावले. खरंच धावले, कामाचा एप्रन तसाच अंगात ठेवून. साडू दवाखान्यात तोंडाला फडकं धरून बसला होता आणि मुलीला हसवत होता. “आता शीळ वाजवायला ट्रंपेट नको,” असं काहीतरी तो बोबडं बोलला.

तुटलेला दात वाचण्यासारखा नव्हता. जखम भरल्यावर तिथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी शेजारचे दात घासून आधार केला आणि पुलाचं काम, अर्थातच, दंतोपंतांकडे आलं. सोबत साडूला घेऊन मेहुणीही आली.

“आता सरळच करा हो, भाऊजी,” ती म्हणाली. “लग्नापासून बघतेय मी त्या दाताकडे. प्रत्येक फोटोत माणसाच्या आधी तो. आयती संधी आलीय तर होऊ दे एकदा नीट.”

डॉक्टरीणबाईंचीही चिठ्ठी तशीच होती: सरळ, शेजारच्यांना जुळते. साडू कोपऱ्यातल्या स्टुलावर ओठ मिटून बसला होता. “काय म्हणता?” दंतोपंतांनी त्याला विचारलं. त्यानं खांदे उडवले. “हिला काय हवं ते. मला चावता आलं म्हणजे झालं.”

फडताळ त्याच्या डोक्याच्या बरोबर मागे होतं. जुना साचा तिथे होता. एक वाक्य बोलायचं होतं: साडूभाऊ, तुमचा सगळा आवाज त्या वाकड्या दातात आहे, तो गेला तर तो जाईल. दंतोपंतांनी तोंड उघडलं.

“बघतो,” ते म्हणाले.

त्यांनी सरळ दात केले. आणि काम असं केलं, की त्यांच्या हातून तसं पूर्वी झालं नव्हतं. रंगात किंचित पिवळी छटा, कडेला वयानं येते तशी पुसट रेघ, खालच्या टोकाला प्रकाश आरपार जाईल इतका पातळपणा. केसाइतकीही खोट नव्हती त्यात. हे ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते: केसाइतकीही खोट नाही. मागितलं ते दिलं. चिठ्ठीत होतं ते केलं. मेहुणीनं नवऱ्याला आरशासमोर उभा करून हसायला लावलं आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

त्या रविवारी साडू ट्रंपेट घेऊन आला. त्यानं ओठाला लावला, फुंकला, आणि फस्स करून वारा बाहेर गेला. माऊथपीस ओठावरून घसरत होतं. मधले सूर कसेबसे निघाले. वरचा सूर घ्यायला गेला तिथे नुसता फुसका आवाज. तो हसला. “नवी चप्पल आहे. चावणारच,” तो म्हणाला. पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. मग तो टॉवेलात गुंडाळलेला ट्रंपेट घरीच ठेवून यायला लागला. यायचं मात्र त्यानं सोडलं नाही. रंगाच्या डब्यावर बसायचा आणि ऐकायचा.

मुखडे दंतोपंतांकडे परत आले. पाहुणे गेल्यावर आपल्या अंथरुणावर पाय पसरून झोपावं, तसा पहिला रविवार गेला. नर्स त्यांच्याकडे बघून सुरुवात करायची, बाई त्यांच्यासाठी थांबायच्या. घरी जाताना वाटेत त्यांनी बायकोसाठी फुलं घेतली. तिनं ती पाण्यात ठेवली.

पण मग एका रविवारी ‘ओला टॉवेल’ झाला, आणि बाई पियानोवरचे हात तसेच ठेवून म्हणाल्या, “वा! आज अगदी साडूसारखं आलं हो.”

“हो ना,” नर्स म्हणाली. “माझे डोळे मिटलेले होते. मला वाटलं तेच वाजवताहेत.”

त्यांनी कौतुक म्हणूनच म्हटलं होतं. दंतोपंतांनी मनातल्या मनात आपला सोलो पुन्हा वाजवून पाहिला. ते उशिरा येणं त्याचं. वरच्या सुरावर थांबून मग एकदम दोन पायऱ्या उतरणं त्याचं. शेवटची हलकी फुंकरसुद्धा त्याची. महिनोन्‌महिने शेजारी उभं राहून जे डोळ्यांत खुपत होतं, ते कानांतून आत जाऊन बसलं होतं. साडू गप्प होता आणि दंतोपंत त्याचंच वाजवत होते, त्याच्याइतकं चांगलं नाही, एवढंच.

त्यांनी वळून डब्यावर बसलेल्या साडूकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत होता. मनापासून. दंतोपंतांनी त्या चेहऱ्यावर शोध शोध शोधलं. कुठेतरी एखादी कडू रेघ असेल, डोळ्यांत काही चमकेल, ओठ जरा घट्ट मिटतील. काही नव्हतं. अरे, निदान जळ तरी! त्यांच्या मनात आलं. एवढं तुझं घेतलं, निदान जळ तरी! पुढचं गाणं सुरू झालं, आणि तेव्हा त्यांना साडूचा उजवा हात दिसला. तो मांडीवर होता, आणि तीन बोटं ट्रंपेटच्या कळा दाबाव्यात तशी आपोआप हलत होती, सुरागणिक, बरोबर. साडूचं स्वतःचं तिकडे लक्षही नव्हतं.

दंतोपंत त्या गाण्यात मुखडा चुकले. कुणी हसलं नाही.

घरी येऊन ते खुर्चीत बसले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

“तुमच्याकडे त्यांचा जुना साचा होता ना?” ती घडीवरून हात फिरवत म्हणाली. “रात्रीचं ते कव्हर केलं होतं तेव्हाचा. मग दात तसेच का नाही केले?”

“तुझ्या बहिणीनं सरळ मागितले.”

“ती काय, उद्या सोन्याचे मागेल. ट्रंपेट ती वाजवते का?”

बायकोनं घड्या उचलल्या. “आपलेच दात, आपलेच ओठ,” ती जाता जाता म्हणाली. “कुणी कुणाला चावायचं?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी फडताळातून साचा काढला आणि जुन्या दातांची हुबेहूब प्लॅस्टिकची जोडी बनवली. पूल अजून तात्पुरत्या सिमेंटवर होता. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या आधी ऐकेनात. “इतकं सुंदर काम झालंय, ते काढून वाकडं बसवायचं? आणि माझ्या दवाखान्यात पिपाणी वाजवणार तुम्ही? बाहेर पेशंट बसलेले असतात.” पण दंतोपंतांनी आजवर त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. शेवटी त्यांनी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, वेळ दिला.

साडू खुर्चीत आडवा, ट्रंपेट पोटावर. डॉक्टरीणबाईंनी सरळ दातांचा पूल अलगद काढला, प्लॅस्टिकचे दात बसवले, आणि “मी जेवून येते, तोवर काय गोंधळ घालायचा तो घाला,” असं म्हणून आतल्या खोलीत गेल्या. साडू उठून बसला आणि फुंकला. आवाज आला. पूर्वीचा नाही, पण वारा गळला नाही. दंतोपंतांनी दात काढून घेतला, मशीनवर कड जराशी घासली, परत बसवला. पुन्हा सूर. पुन्हा घासणं. बाहेर बसलेल्या एका म्हाताऱ्या पेशंटनं दार ढकलून आत डोकावून पाहिलं आणि “नंतर येतो” म्हणून तो निघून गेला.

“कमाल आहे,” साडू म्हणाला. “तुम्हाला माझा जुना दात असा आठवला कसा?”

“आठवला नाही.” दंतोपंतांच्या हातात घासायचं यंत्र होतं आणि ते बंद करायचं त्यांना सुचलं नाही. “साचा होता. कव्हर केलं तेव्हाचा. पहिल्यापासून होता.”

“म्हणजे?”

“मला माहीत होतं. तुमचा आवाज कुठून येतो ते. सरळ केले तर जाईल हे मला माहीत होतं, आणि मी बोललो नाही.” यंत्राची घरघर चालूच होती. “तुम्ही वाजवू नये असं वाटत होतं मला.”

साडू त्यांच्याकडे बघत राहिला. आधी त्याला ते विनोदासारखं वाटलं असावं, कारण हसण्यासाठी त्याचे ओठ हलले. मग ते तसेच राहिले. त्याचा सैल, कुठेही मावणारा चेहरा पहिल्यांदाच आखडला.

“मी ओठाला दोष देत होतो,” तो हळू म्हणाला. “घरी सांगितलं, वय झालं. लेकीला सांगितलं, तुझा काही दोष नाही गं. ती विचारायची रोज, बाबा माझ्यामुळे का? रोज विचारायची ती, साडूभाऊ.”

दंतोपंतांना हे माहीत नव्हतं. त्यांनी यंत्र बंद केलं.

आतून डॉक्टरीणबाईंच्या चमच्याचा आवाज येत होता. साडूनं ट्रंपेट बाजूला ठेवला. उठून जाईल असं वाटलं. मग त्यानं जिभेनं नवा दात चाचपला, ट्रंपेट पुन्हा उचलला आणि एक लांब सूर काढला. मधेच थांबला.

“घासा,” तो म्हणाला. “उजवीकडे अजून लागतंय.”

त्या दिवशी एवढंच बोलणं झालं. दंतोपंत घासत गेले, साडू फुंकत गेला. सूर येईना तेव्हा साडू शाळेतल्या पोरासारखा लाल होऊन झटत होता, थुंकी उडत होती, एका सुरावर पुन्हा पुन्हा आपटत होता. दंतोपंतांनी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. हा माणूसही कधीतरी असा शिकला असेल हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. शेवटी तो वरचा सूर निघाला. काचेची खिडकी थरथरली. डॉक्टरीणबाई हातात घास घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

प्लॅस्टिकवरून पक्के दात झाले, वाकडेच. मेहुणी दोघांवरही रागावली. भाऊजींशी तर ती कित्येक आठवडे अबोला धरून होती. साडू रविवारी येऊ लागला, पण दंतोपंतांच्या शेजारी उभा राहीना. तो नर्सच्या पलीकडे, बासच्या आड उभा राहायचा. “साडूभाऊ” म्हणणंही बंद. मंडळींना काही समजलं नाही. बाईंना वाटलं, तिथे आवाज चांगला घुमत असेल.

मग एकदा ‘जिना’ चालू असताना बाईंनी मान हलवून खूण केली: दोघांनी आळीपाळीनं, थोडं थोडं. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा. साडूनं सुरुवात केली, आणि ते त्याचं नेहमीचं वाजवणं नव्हतं. ते टोकदार होतं. तो सरळ दंतोपंतांकडे तोंड करून वाजवत होता, एकेक सूर फेकून मारल्यासारखा. गोदामातले डबे खणखणले. दंतोपंतांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि पहिल्यांदाच तिला जायला वाट मिळाली. उशिरा येणं, हलकी फुंकर, काही आठवलं नाही. ते आपल्या स्वच्छ, कडक, सरळ दातांच्या आवाजात तुटून पडले. साडूनं उत्तर दिलं. ह्यांनी दिलं. रंगवाले ओरडायला लागले, नर्सचे बूट फरशीवर आपटत होते. दंतोपंत हरले. ते सगळ्यांना ऐकू आलं, त्यांनाही. शेवटच्या फेरीत साडूनं असं काही वाजवलं, की त्याला जवाबच नव्हता, आणि दंतोपंत ट्रंपेट खाली घेऊन नुसते उभे राहिले.

“श्वास सोडताय मधेच,” गाणं संपल्यावर साडू रुमालानं तोंड पुसत म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो त्यांच्याशी बोलत होता. “तिथे नका सोडू. मग बघा.”

“मला शिकवू नका,” दंतोपंत म्हणाले.

“बरं,” साडू म्हणाला, आणि पुढच्या गाण्याला येऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला.

संध्याकाळी बायकोनं दार उघडलं. “कसं झालं आज?”

“तो फार चांगला वाजवतो,” दंतोपंत म्हणाले. घरात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. बोलून टाकलं की बरं वाटतं म्हणतात. त्यांना तसं काही वाटलं नाही. त्यांनी बूट काढले आणि खुर्चीत बसले.

“माझ्या पोटात अजून दुखतं,” ते म्हणाले.

“औषध देऊ?”

“नको,” दंतोपंत म्हणाले. “ती खिडकी तेवढी लाव. मी जरा वाजवणार आहे.”